‘दादा, स्टँड!’ : या फुकटच्या इशाऱ्याचा धंदा होतो का?



स्टँड खालीच ठेवून गाडी काढलीय कधी? मी काढलीय, बऱ्याचदा. शंभर मीटर जातो न जातो तोच बाजूने कुणीतरी ओरडतं, “दादा, स्टँड!” आपण पायाने स्टँड वर घेतो, हात वर करून थँक्यू म्हणतो, तोवर तो माणूस सिग्नल ओलांडून गेलेला असतो. त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. आज त्याने आपले दात वाचवले एवढंच माहीत.

ताईंना सांगतात, “ओढणी, ओढणी!” समोरून येणारा डिपर मारतो, म्हणजे पुढे काहीतरी आहे. बंद पडलेल्या ट्रकच्या मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवलेली दिसते. पावसात गटाराचं झाकण निघालं की त्यात कुणीतरी बांबू खोचून जातं, वर लाल फडकं बांधतं. ग्रुपने फिरणारे बायकर्स तर पायाने खूण करतात. पुढच्याने पाय बाहेर काढून रस्त्याकडे दाखवला की मागचा समजतो, या बाजूला खड्डा आहे किंवा खडी आहे.

म्हणजे लोकांनी लोकांना धोका सांगायचा ही गोष्ट आपल्याकडे अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि ती फुकट आहे. म्हणूनच मीरा रोडच्या बॅचमधला एक तरुण लॅपटॉप उघडून म्हणाला, “सर, मला याचा स्टार्टअप करायचाय,” तेव्हा मी आधी गप्पच बसलो.

त्याची योजना थोडक्यात अशी. दुचाकीवाल्यांसाठी अ‍ॅप. कुणालाही खड्डा, सांडलेलं ऑइल, तुंबलेलं पाणी दिसलं की त्याने नकाशावर खूण करायची, मागून येणाऱ्यांना फोनवर इशारा जाईल. त्याच्याकडे साठवलेले चार लाख होते. अ‍ॅप बनवून देणाऱ्याने साडेतीन लाख सांगितले होते. नोकरीचा राजीनामा टाइप करून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता.

हे खूळ कुठून आलं, असं मी विचारलं. त्याचा भाऊ डिलिव्हरी करतो. काँक्रीटचा रस्ता संपून डांबरी सुरू होतो तिथे दोन-तीन इंचांचा उंचवटा होता, अंधारात दिसला नाही. मनगट मोडलं, तीन महिने काम बंद. आणि त्याच जागी आदल्या दिवशी आणखी एक जण पडला होता, हे त्यांना नंतर चहाच्या टपरीवर कळलं. टपरीवाल्याला माहीत होतं, पण भावाला ते सांगायला कुणी नव्हतं.

मंडळी, कल्पना इथेच पकडायची. टपरीवाल्याकडे माहिती होती, ती लागत होती दुसऱ्याला, आणि मध्ये एक दिवस वाया गेला. धंदा त्या एका दिवसात आहे. अ‍ॅपचं नंतर बघू.

आधी दादाराव बिल्होरे समजून घ्या

या विषयावर काही करायचं असेल तर मुंबईतलं एक नाव माहीत असायलाच हवं. दादाराव बिल्होरे, अंधेरीकडे भाजीविक्रीचा व्यवसाय करणारे गृहस्थ. २८ जुलै २०१५ ला त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून दुचाकीवर मागे बसून चालला होता. पाऊस होता. खड्डा पाण्याने भरलेला, त्यामुळे दिसलाच नाही. गाडी त्यात गेली आणि प्रकाश वाचला नाही.

त्यानंतर या बापाने पावडं आणि घमेलं उचललं. बांधकामाचा राडारोडा, खडी, पेव्हर ब्लॉकचे तुकडे, जे मिळेल ते घेऊन ते स्वतः खड्डे भरायला लागले. तीन वर्षांत पाचशेहून जास्त भरले. लोक त्यांना पॉटहोल दादा म्हणायला लागले. पुढे लोकांनी खड्ड्याचा फोटो काढून जागेसकट कळवावा म्हणून ‘स्पॉटहोल’ नावाचं अ‍ॅपही त्यांच्या या कामातून आलं.

मी ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगत नाहीये. क्रम बघा. आधी पावडं, मग ओळख, मग माणसं, आणि शेवटी अ‍ॅप. आपल्याकडे बहुतेक जण हा क्रम उलटा करतात.

दुसरी गोष्ट बघा, पाण्याने भरलेला खड्डा. रोजच्या रस्त्यावरचा उघडा खड्डा आपल्याला पाठ असतो, कुठे डावीकडे घ्यायचं ते हात आपोआप करतो. घात करतो तो कालपर्यंत नसलेला खड्डा, किंवा असून आज न दिसणारा. हे लक्षात ठेवा, पुढे हिशोबाला लागणार आहे.

आकडे हवेत? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर मृत्यू नोंदले आहेत. त्यातले जवळपास ७५ हजार दुचाकीवरचे, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस-पंचेचाळीस. खड्ड्यांमुळे गेलेले म्हणून वेगळे नोंदले आहेत १,८५६. दिवसाला पाच.

हे आधी कुणी करून पाहिलं नाही का?

पाहिलंय, पुष्कळांनी. मार्केट रिसर्च करताना “माझ्यासारखं कुणीच करत नाही” असं वाटलं की समजावं, आपण नीट शोधलं नाही.

मुंबई महापालिकेने २०११ च्या सुमारास खड्ड्यांचे फोटो टाकून तक्रार करायची आणि दुरुस्तीचा माग ठेवायची वेबसाइट सुरू केली. काही वर्षं चालली, मग बंद पडली. २०१८ मध्ये एका मुंबईकराने स्वतःची वेबसाइट काढून शहरातले वीस हजारांहून जास्त खड्डे लोकांकडून मोजून घेतले आणि विक्रमाच्या पुस्तकात नोंद व्हावी अशी मागणी केली. पालिकेच्या लेखी त्याच वेळी खड्डे काही शेकड्यांतच होते! नोव्हेंबर २०१९ मध्ये पालिकेने आठवडाभर ‘पॉटहोल चॅलेंज’ ठेवलं. एक फूट लांब, तीन इंच खोल खड्डा अ‍ॅपवर कळवा, २४ तासांत भरला नाही तर ५०० रुपये मिळवा. २०२५ मध्ये ‘पॉटहोल क्विकफिक्स’ नावाचं नवं अ‍ॅप आलं.

आता नीट बघा. हे सगळं तक्रार करण्यासाठी आहे. खड्डा भरणाऱ्याला कळवायचं. अर्ध्या तासाने त्याच खड्ड्यावरून जाणाऱ्या दुचाकीवाल्याला मात्र यातलं काहीच कळत नाही. खड्डे मोजले, ठीक. पण खड्डे मोजणं वेगळं आणि इशारा देणं वेगळं.

इशारा देणारे मोठे खेळाडूही आहेत. इस्राएलमध्ये सुरू झालेलं ‘वेझ’ हेच काम करतं, गुगलने ते २०१३ मध्ये विकत घेतलं. गुगल मॅप्सने दुचाकीसाठी वेगळा मोड काढला तो डिसेंबर २०१७ मध्ये, आणि जगात सगळ्यात आधी आपल्याकडे, भारतात. २०२४ मध्ये त्यांनी रस्त्यावरचा अडथळा कळवणं इथल्या लोकांसाठी आणखी सोपं केलं, मग पाणी तुंबलेल्या रस्त्याचा इशाराही आणला. आपला देशी ‘मॅपल्स’ खड्डे आणि स्पीड ब्रेकर दाखवतो.

मग संपलं का? साडेतीन लाखांच्या अ‍ॅपने गुगलशी लढायचं? त्या मुलाचा चेहरा इथेच पडला होता.

नाही संपलं. पण लढाईची जागा बदलायला लागेल. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने २०१२ च्या आसपास ‘स्ट्रीट बंप’ नावाचं अ‍ॅप आणलं होतं. फोन गाडीत ठेवायचा, दणका बसला की फोनच ओळखणार आणि कळवणार. कल्पना झकास! पण गटाराच्या झाकणांवरून गाडी गेली तरी दणके नोंदले जायचे. आणि स्मार्टफोन जास्त असलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या वस्त्यांतले खड्डे जास्त दिसायचे, गरीब वस्त्यांतले कमी. यंत्राला दणका कळला, पण तो दणका कुणाचा हे कळलं नाही. ते टपरीवाल्याला कळतं.

मीरा रोडचा रस्ता, दोन चाकांवरून

आता आपल्या गावात येऊ. मीरा रोडचा माणूस दुचाकीवर कुठे जातो? दहिसर चेक नाक्याकडून मुंबईत. काशिमीऱ्याहून महामार्गाने वर्सोव्याच्या खाडीपुलावरून नायगाव-वसईकडे, कारण ट्रेनने भाईंदरहून खाडी पार झाली की लगेच नायगाव येतं, पण गाडीला हा वळसा घ्यावाच लागतो. घोडबंदर रस्त्याने गायमुख घाट चढून ठाण्याला. आणि शहरातल्या शहरात गोल्डन नेस्ट, सिल्व्हर पार्क, कनाकिया, शांतीनगर, नया नगर. मीरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामाची वर्षं कशी गेली ते इथल्या माणसाला मी सांगायला नको.

चारचाकीला यातले निम्मे धोके जाणवतच नाहीत. मुठीएवढी खडी पसरली तर कारला काही नाही, वळणावर तुमचं पुढचं चाक सरकतं. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली उभी फट कारला दिसतही नाही, पण चाक त्यात शिरलं की हँडल तुमचं राहत नाही. पावसात खोदकामावरचा लोखंडी पत्रा, झेब्रा क्रॉसिंगचा गुळगुळीत रंग, डंपरमधून सांडलेला चिखल, पहिल्या पावसात वर आलेलं ऑइल, बॅरिकेड हलवल्यावर मागे राहिलेले सिमेंटचे ठोकळे. हे सगळं दुचाकीचं दुःख. मोठ्या अ‍ॅपच्या यादीत ‘अपघात’, ‘रस्ता बंद’, ‘काम चालू’ असे पर्याय सापडतील. “डावीकडे वळताना बारीक खडी” हा पर्याय मला तरी कुठे दिसला नाही.

म्हणून त्या मुलाला म्हटलं, अख्ख्या भारताचा नकाशा सोड. काशिमीरा नाका ते गायमुख, एवढाच तुकडा घे. एकच रस्ता, दोन दिशा. त्यातलं तुला गुगलपेक्षा जास्त माहीत पाहिजे. एका रस्त्यावर ते जमतं, पन्नास रस्त्यांवर नाही.

पहिला महिना: अ‍ॅप नको, वही हवी

त्याने सुरू केलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. पहिल्या दोन दिवसांत ग्रुपचा कचरा झाला. गुड मॉर्निंगचे फोटो, आणि “घोडबंदरला खूप खड्डे आहेत, सावकाश जा” असले मेसेज. अहो, घोडबंदरला खड्डे आहेत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या मेसेजने एकाचंही चाक वाचणार नाही.

मग आम्ही बसून मेसेजचा साचा ठरवला. कुठे, कोणत्या दिशेने, कोणती बाजू, काय, आणि किती वाजता पाहिलं. उदाहरणार्थ: “गायमुखच्या आधीचा चढ, ठाण्याकडे जाताना, डावी कड, खडी सांडलीय, सकाळी ७.१०.” बस. नमस्कार नको, हात जोडलेलं चित्र नको.

दिशा लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक तेच विसरतात. ठाण्याकडे जाताना असलेला खड्डा येताना नसतो. चुकीच्या बाजूचा इशारा मिळालेला माणूस दुभाजकाकडे सरकतो, आणि मागून ट्रेलर येत असतो.

ग्रुपवर फक्त तीन जणांनाच लिहिता येईल असं केलं, बाकीच्यांनी त्या तिघांना कळवायचं. नेमले कोण? पहाटे दूध टाकणारा एक, ठाण्याला पहिल्या शिफ्टला जाणारा एक, आणि तो स्वतः. ही माणसं त्या रस्त्याने तशीही जातातच. तुमच्या धंद्यातही असंच शोधा, जो माणूस ते काम वाटेत येता-जाता करू शकतो त्याला धरा.

आता या लेखातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. इशारा टाकणं सोपं आहे, इशारा काढणं अवघड आहे. खडी दुपारी झाडून नेली, पण मेसेज संध्याकाळपर्यंत फिरतोय. माणूस ब्रेक मारतो, बघतो तर काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तो मेसेज वाचायचंच सोडतो, आणि नेमका त्या दिवशी खरा खड्डा असतो. वेझ जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत राहतं, अडथळा अजून आहे का, ते याचसाठी. तुम्हाला हे हाताने करायचंय. वहीत प्रत्येक इशाऱ्यापुढे वेळ लिहा, चोवीस तासांत कुणी पुन्हा पाहून सांगितलं नाही तर तो काढा आणि ‘काढला’ असंही कळवा. भाजीवाला शिळी कोथिंबीर वेगळी काढतो तसं.

आणि एक वाक्य कधीही लिहायचं नाही: “रस्ता मोकळा आहे.” तुम्हाला ते माहीत नसतं. तुम्हाला काय दिसलं एवढंच माहीत असतं. तुमच्या भरवशावर कुणी ऐंशीने गेलं तर ते तुमच्या डोक्यावर बसेल, जन्मभर.

चालत्या गाडीवर कुणी फोन बघू नये हे उघड आहे, पण मग सेवा द्यायची कशी? त्याने व्हॉइस नोट सुरू केली. सकाळी पावणेसात आणि संध्याकाळी साडेपाच, चाळीस सेकंदांची, घरातून निघण्याआधी ऐकायची. रस्त्यात असताना काहीच पाठवायचं नाही. अ‍ॅपवाल्याच्या कोटेशनमध्ये हा मुद्दा नव्हता. चालत्या दुचाकीवर टिंग वाजवून स्क्रीनकडे बघायला लावणारा इशारा स्वतःच एक धोका आहे.

पैसे कोण देणार?

इथे बहुतेक जण गडबडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

रोज त्याच रस्त्याने जाणारा नोकरदार पैसे देणार नाही. त्याला खड्डे पाठ आहेत, आणि जे नाहीत ते त्याला शेजारी फुकट सांगतो. पैसे देईल तो मालक, ज्याची मुलं नवीन असतात, दर दोन महिन्यांनी बदलतात, आणि एक पोरगं पडलं की त्याचा अख्खा दिवस कोलमडतो. कुरिअरची छोटी फ्रँचायझी, औषधांची घरपोच सेवा, पाण्याचे जार, लाँड्री, टिफिन.

समजा असे १२ मालक मिळाले, प्रत्येकाकडे ८ गाड्या. झाल्या ९६. गाडीमागे महिना ६० रुपये धरा, म्हणजे ५,७६० रुपये आले. आता खर्च. दोन माणसं रोज एक फेरी, येऊन-जाऊन साधारण २० किलोमीटर, पेट्रोल ५० रुपये धरलं तर महिन्याचे दोघांचे ३,०००. दोघांना मानधन प्रत्येकी ३,००० म्हणजे ६,०००. रिचार्ज वगैरे ७००. एकूण ९,७००. तोटा ३,९४० रुपये. तुमचा स्वतःचा पगार यात धरलेलाच नाही!

म्हणजे नुसता इशारा विकून घर चालत नाही. खोटं कशाला सांगू?

पण त्याच मुलाच्या मामाचं काशिमीऱ्याला गॅरेज आहे, हे त्याने तिसऱ्या मीटिंगला सांगितलं. मी कपाळावर हात मारला! समजा ९६ पैकी ३२ गाड्या महिन्याला एकदा मामाकडे सर्व्हिसिंगला आल्या. डिलिव्हरीची गाडी इतकी पळते की महिन्याला ऑइल-ब्रेक बघावे लागतातच. गाडीमागे २५० रुपये सुटले तर ८,०००. मघाचा तोटा वजा केला तरी ४,०६० उरतात. मोठी रक्कम नाही, पण उणे नाही, आणि गॅरेजला गिऱ्हाईक आणायला बोर्डावर एक रुपया खर्च झालेला नाही.

इथे एक गंमत आणि एक धोका. गॅरेजवाला, पंक्चरवाला यांचा धंदा लोकांच्या अडचणीवर चालतो. “पंक्चर काढणारेच खिळे टाकतात” ही शंका प्रत्येक हायवेवर तुम्ही ऐकली असेल. उद्या तुमच्या ग्रुपवर “रिम वाकवणारा खड्डा” असा मेसेज आला आणि खाली मामाच्या गॅरेजचा नंबर असला, तर लोक काय म्हणतील? म्हणून इशाऱ्यात जाहिरात नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. मामाचं नाव महिन्याच्या बिलावर येईल, व्हॉइस नोटमध्ये नाही. मामा आधी रुसले, मग पटलं त्यांना.

वहीचा दुसरा उपयोग

१३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांबद्दल मोठा आदेश दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमी झाला तर दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. आणि खड्डा कळवल्यावर ४८ तासांत त्याकडे लक्ष दिलं नाही तर तो गंभीर निष्काळजीपणा समजायचा.

आता तुमच्या वहीतली वेळ बघा. “सकाळी ७.१०” हे नुसतं लिहिणं राहिलं नाही. ती नोंद फोटोसकट योग्य यंत्रणेला त्याच दिवशी गेली, तर तिथून ४८ तास मोजता येतात. पण यंत्रणा कोणती? महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, शहरातले रस्ते मीरा-भाईंदर महापालिकेकडे, मेट्रोच्या कामाची जागा एमएमआरडीएकडे, घोडबंदर रस्त्याच्या बाबतीत सार्वजनिक बांधकाम खात्याचं नावही येतं, आणि पुढे ठाणे महापालिकेची हद्द लागते. सामान्य माणूस इथेच दमतो. कोणता तुकडा कुणाचा याची एक पानी यादी त्या मुलाने करून ठेवलीय. त्याच्या ९६ गाड्यांच्या मालकांना मला वाटतं तीच सगळ्यात उपयोगी पडेल.

मात्र एक इशारा माझ्याकडून. “नुकसानभरपाई मिळवून देतो, वीस टक्के द्या” हा धंदा करू नका. कल्पना लगेच सुचेल, मला कल्पना आहे. पडलेल्या माणसाच्या घरच्यांना नोंदीची प्रत फुकट द्या आणि बाजूला व्हा. तसंच लोकांचं लोकेशन, गाडीचे नंबर, चेहरे दिसणारे फोटो उगाच साठवू नका. २०२३ पासून आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालेला आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या येण्याजाण्याची वही आपल्याकडे असू नये.

तर त्या मुलाचं काय झालं? राजीनामा पाठवला नाही. चार लाखांपैकी आतापर्यंत अकरा हजार खर्च झालेत, त्यातले बरेचसे फोनच्या स्टँडवर आणि एका रेनकोटवर. पहिल्या महिन्यात पाच मालक पैसे देणारे मिळाले, बारा नाही. भावाचं मनगट बरं आहे, तो आता संध्याकाळची व्हॉइस नोट करतो. आवाज जरा घोगरा आहे, पण लोकांना तोच हवा असतो, म्हणतात हा स्वतः पडलेला आहे, याला कळतं.

अ‍ॅप करायचं का? मी म्हटलं, ज्या दिवशी वहीत एका दिवसाला चाळीस नोंदी येतील आणि हाताने काढणं अशक्य होईल, त्या दिवशी कोटेशन परत मागव. सध्या नऊ-दहा येतात.

तुमचं शहर वेगळं असेल. नाशिकला द्वारका असेल, पुण्याला कात्रज, कोल्हापूरला आंबा घाट. उद्यापासून सात दिवस एक करा. तुमच्या रोजच्या रस्त्याचा पाच किलोमीटरचा एकच तुकडा निवडा. पोहोचल्यावर, गाडी स्टँडवर लावून, वहीत लिहा: आज नवीन काय दिसलं, कोणत्या बाजूला, किती वाजता, आणि कालचं काय गायब झालं. सात दिवसांनी बघा, ‘नवीन’ आणि ‘गायब’ मिळून किती ओळी झाल्या. पाचपेक्षा कमी झाल्या तर त्या रस्त्यावर ही सेवा लागत नाही, दुसरा तुकडा बघा. वीसच्या वर गेल्या तर वहीचा फोटो घेऊन रविवारच्या लाइव्हला या, तिथे आपण प्रत्येकाच्या रस्त्याचा हिशोब मांडून बघू.